जुन्या दाराचा फोटो : काय ठेवायचं, काय बदलायचं?

तीन विद्यार्थ्यांना एकाच जुन्या दाराचा फोटो काढायला सांगा. दुसऱ्या दिवशी तीन वेगळी दारं तुमच्यासमोर येतील. एकाचं दार सोनेरी तपकिरी असेल, दुसऱ्याचं निळसर करडं. तिसऱ्यानं फोटो कृष्णधवल करून लाकडाची रेघ न् रेघ ठळक केलेली असेल. मग वर्गात हमखास प्रश्न निघतो : यातलं खरं दार कुठलं?

या प्रश्नाचं उत्तर सौंदर्यदृष्टीवर सोडून देण्याची आपली सवय आहे. ‘ज्याला जे आवडेल ते’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण यात विज्ञानाचा भाग बराच आहे. दाराचा पृष्ठभाग तसा का दिसतो, त्यावर प्रकाश कसा पडतो, कॅमेरा त्यातलं काय टिपतो आणि नंतरच्या संपादनात त्यातलं काय उरतं, या चार पायऱ्या समजून घेतल्या तर निवड डोळसपणे करता येते.

ऊन-पावसाची नोंदवही

सागवानी दार नवं असताना सोनेरी तपकिरी असतं. काही वर्षं ऊन-पाऊस खाल्ल्यावर ते करडं पडतं. असं का होतं?

लाकडात मुख्यतः सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारं लिग्निन असतं. लिग्निन सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून घेतं आणि त्यामुळे त्याचे रेणू तुटतात. तुटलेले तुकडे पावसाच्या पाण्यात विरघळून वाहून जातात. मागे उरतात ते फिकट, मोकळे झालेले सेल्युलोजचे तंतू. दमट हवेत त्यांवर सूक्ष्म बुरशी वाढते आणि करडेपणा आणखी गडद होतो. हा सगळा बदल मिलिमीटरच्या लहानशा अंशात घडतो. करड्या दारावर रंधा फिरवला, की आत जुनाच सोनेरी रंग दिसतो तो यामुळेच.

लाकूड सगळीकडे सारखं झिजत नाही. हंगामाच्या सुरुवातीला झाड भराभर वाढतं, तेव्हा तयार झालेलं लाकूड सच्छिद्र असतं. नंतरचं लाकूड जास्त घट्ट असतं. सच्छिद्र भाग आधी झिजतो आणि घट्ट भागाच्या कडा वर उरतात. जुन्या फळीवर हात फिरवताना बोटांना लागणाऱ्या रेघा त्या ह्याच.

आता दाराकडे जरा बारकाईनं पाहू. वरचा भाग वळचणीच्या आडोशाला असतो, म्हणून तो अजून तपकिरी दिसतो. खालच्या भागाला ऊन लागतं, पावसाचे शिंतोडे बसतात, म्हणून तो करडा पडलेला असतो. या दोन रंगांमधली सीमा म्हणजे ऊन-पाऊस कुठवर पोचतो त्याची खूणच. कडीच्या आसपास लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालेलं असतं. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांच्या घामानं आणि तेलानं. उंबरठा मधोमध खोलगट झालेला असतो, कारण पावलं तिथूनच गेली. रंगाचे पोपडे सुटले असतील तर सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. भूशास्त्रज्ञ खडकांचे थर वाचतात, त्याच रीतीनं हेही वाचता येतं.

लोखंडी खिळ्यांभोवती काळी वर्तुळं दिसतात. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर हत्तींनी धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. साध्या वाड्यांच्या दारांवरही लोखंडी फुल्या आणि पट्ट्या असतात. लोखंड गंजलं की त्याचे क्षार पावसाच्या पाण्याबरोबर लाकडात उतरतात. तिथल्या टॅनिन वर्गातल्या द्रव्यांशी त्यांचा संयोग होऊन काळं संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस वापरून पूर्वी शाई करत असत. ती शाई आणि खिळ्याभोवतीचा हा डाग, दोन्हींमागची अभिक्रिया एकच.

म्हणजे जुनं दार ही एक नोंदवही आहे. फोटो संपादित करताना या नोंदवहीतलं काय पुसलं जातं आणि काय ठळक होतं, हे पाहायचं आहे.

उन्हाचा कोन

रेघांची खोली फोटोत दिसते ती सावलीमुळे. फळीवर अर्धा मिलिमीटर उंचीची कड आहे असं समजू. ऊन पृष्ठभागाशी ६० अंशांचा कोन करून आलं, तर कडेची सावली सुमारे ०.३ मिलिमीटर पडेल. तेच ऊन १० अंशांनी, जणू पृष्ठभागाला घासून आलं, तर सावली सुमारे २.८ मिलिमीटर होईल. कड तीच, पण सावली जवळजवळ दहापट. (सावलीची लांबी = कडेची उंची ÷ कोनाचा टॅन्जंट. दहावीच्या मुलांना हे गणित स्वतः करता येईल.)

म्हणून दारावर ऊन कधी घासून जातं ते आधी काढावं. पूर्वेकडे तोंड असलेल्या दारावर सकाळचं ऊन थेट समोरून येतं; रंग छान दिसतात, पण पृष्ठभाग सपाट वाटतो. विषुवदिनाच्या सुमारास सूर्य पूर्वेकडच्या भिंतीच्या प्रतलाकडे तासाला १५ अंशांनी सरकतो. म्हणजे स्थानिक मध्यान्हाच्या ४० मिनिटं आधी तो भिंतीशी १० अंशांचा कोन करतो. पुण्यात त्या वेळी घड्याळात बाराच्या आसपास वाजलेले असतात. उत्तरेकडच्या दारांची गंमत आणखी वेगळी. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश. २१ जूनला सूर्य साडेतेवीस अंश उत्तरेला असतो, म्हणजे मध्यान्ही तो डोक्याच्या किंचित उत्तरेकडे, पाचेक अंशांवर येतो. एरवी सावलीत राहणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतीवर तेव्हा ऊन वरून खाली घासत उतरतं. मात्र ढगांनी आणि वळचणीनं वाट सोडली पाहिजे!

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. बारा वाजता काढलेल्या फोटोत दार खूप जीर्ण दिसतं आणि सकाळी सात वाजता काढलेल्या फोटोत बरंच धडधाकट. संपादनाला अजून हातही लावलेला नाही, तरी दाराच्या वयाबद्दलचं आपलं मत बदललेलं असतं.

कॅमेऱ्याचे निर्णय

‘मी फोटोत काहीच बदललं नाही’ असं आपण सहज म्हणतो. पण आपण बदललं नाही तरी कॅमेऱ्यानं बदललेलं असतं.

पहिला निर्णय उजेडाचा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सर्वसाधारणपणे असं धरून चालतो, की समोरच्या दृश्यातून सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत येतो. चुना दिलेली पांढरी भिंत याच्या कितीतरी पट प्रकाश परत पाठवते. अशा भिंतीतल्या दाराचा फोटो काढला, की मापक उजेड कमी करतो. भिंत राखाडी होते आणि दार काळवंडतं.

दुसरा निर्णय रंगाचा, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा. दुपारच्या उन्हाचं रंगतापमान साधारण ५५०० केल्विन. सावलीतल्या दाराला प्रकाश मिळतो तो निळ्या आकाशाकडून. त्याचं रंगतापमान ७००० केल्विनच्या वर जातं. आपला मेंदू हा फरक सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला तो अंदाजानं भरून काढावा लागतो. सगळ्या चौकटीत तपकिरी दारच भरलेलं असलं, तर कॅमेऱ्याला वाटतं की उजेडच पिवळा आहे. मग तो फोटो निळसर करतो आणि सोनेरी सागवान राखेच्या रंगाचं होऊन बसतं.

तिसरा निर्णय उजेड-अंधाराच्या आवाक्याचा. भर उन्हातल्या भिंतीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. उघड्या दारातून दिसणाऱ्या माजघरात तो शंभर लक्सही असेल-नसेल. हजारपट फरक! भिंत नीट आली तर माजघर काळं होतं, माजघर नीट आलं तर भिंत पांढरीफटक पडते. आजकालचे मोबाईल एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतात आणि दोन्ही दाखवतात. शिवाय कडा ठळक करणं, रंग गडद करणं हेही परस्पर उरकून टाकतात.

म्हणून ज्यांच्या कॅमेऱ्यात ‘रॉ’ प्रकारची फाईल ठेवण्याची सोय आहे त्यांनी ती वापरावी. तिच्यात संवेदकानं मोजलेले आकडे जवळजवळ जसेच्या तसे असतात. जेपेग फाईलमध्ये कॅमेऱ्यानं निर्णय घेऊन झालेले असतात आणि उरलेली बरीच माहिती टाकून दिलेली असते.

टॅल्बटचं दार

संगणकामुळे फोटोंमध्ये हे फेरफार सुरू झाले, असं अनेकांना वाटतं. पण जुन्या दाराचं एक अतिशय प्रसिद्ध छायाचित्र १८४४ सालचं आहे. इंग्लंडमध्ये लॅकॉक इथं विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ते घेतलं. अर्धवट उघडं दार, त्याला टेकवून ठेवलेला खराटा आणि त्याची तिरपी सावली. ‘द ओपन डोअर’ नावाचं हे चित्र त्यांच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकात आहे.

टॅल्बट यांचा कागद चांदीच्या क्षारांनी संवेदनशील केलेला होता. हे क्षार निळ्या, जांभळ्या आणि अतिनील किरणांनीच बदलतात. तांबड्या प्रकाशाचा त्यांच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. निळ्या वस्तू या कागदावर पांढऱ्या वस्तूंइतक्याच झपाट्यानं उमटतात आणि हिरव्या फार सावकाश, हे टॅल्बट यांनी त्याच पुस्तकात नोंदवलं आहे. निळ्या रंगाचं दार त्या कागदावर फिकट आलं असतं आणि गेरू लावलेलं दार जवळजवळ काळं. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असं आढळलं, की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर तो हिरवा प्रकाशही टिपू लागतो. सगळे रंग टिपणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आल्या. तोवरच्या प्रत्येक छायाचित्रात कुठला रंग उजळ दिसावा याचा निर्णय रसायनानंच घेतलेला होता.

कृष्णधवल करण्याचं गणित

हाच निर्णय आज आपल्या हाती आहे. रंगीत फोटोतल्या प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. कृष्णधवल करताना या तिन्हींचा मिळून एक आकडा करायचा असतो. नेहमीच्या रीतींपैकी एका रीतीत तांबड्याला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ एवढं वजन देतात, कारण आपला डोळा हिरव्या रंगाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो.

गेरूच्या भिंतीत बसवलेलं एक निळं दार घेऊ. दाराचे आकडे ६०, ९०, १६० आणि भिंतीचे १५०, ७०, ५० आहेत असं मानू. वरच्या रीतीनं गणित केलं, तर दार येतं ८९ आणि भिंत ९२. रंगीत फोटोत इतकी वेगळी दिसणारी दार आणि भिंत कृष्णधवल फोटोत एकमेकांत विरघळून जातात! आता फक्त तांबडा आकडा घ्या : दार ६०, भिंत १५०. दार काळं, भिंत उजळ. फक्त निळा आकडा घ्या : दार १६०, भिंत ५०. दार उजळ, भिंत काळी. टॅल्बट यांच्या कागदानं साधारण हेच उत्तर दिलं असतं.

तिन्ही फोटोंत एकही खोटा बिंदू नाही. तरी तीन वेगवेगळी दारं दिसतात. म्हणून ‘खरा फोटो कुठला?’ यापेक्षा ‘या फोटोला आपण कुठला प्रश्न विचारतो आहोत?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

प्रश्न आधी, संपादन नंतर

प्रश्न लाकडाच्या पोताचा असेल, तर घासून जाणारं ऊन निवडावं, फोटो कृष्णधवल करावा, काँट्रास्ट थोडा वाढवावा. रंग काढून टाकल्यानं नजर रेघांवर राहते.

प्रश्न दाराच्या झिजेचा असेल, म्हणजे पाऊस कुठवर येतो, गंज कुठं उतरलाय, रंगाचे किती थर आहेत, तर रंग हाच पुरावा आहे. ढगाळ दिवसाचा सारखा उजेड घ्यावा. चौकटीच्या कडेला एक पांढरा कागद आणि मोजपट्टी ठेवून एक फोटो काढावा. नंतर कागद पांढरा दिसेल इतपतच रंग सुधारावेत. इथं सॅच्युरेशन वाढवलं, की तांबूस सागवान आणि गंजाचा ओघळ यांत फरक करता येत नाही. सगळीकडे सारखा सोनेरी रंग चढवला, तर वळचणीची ती सीमाच नाहीशी होते.

प्रश्न दाराच्या मापांचा असेल, तर कॅमेरा वर तिरका करू नये. तिरका केला की चौकटीच्या उभ्या कडा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. संगणकावर त्या सरळ करता येतात, पण तसं करताना वरचा भाग ताणला जातो. मोजपट्टी फोटोत नसेल, तर उंची-रुंदीचं मूळ प्रमाण मग सांगता येत नाही.

आणि प्रश्न मनात उमटलेल्या भावाचा असेल, तर मोकळीक जास्त आहे. सावल्या गडद करा, कडा अंधारात जाऊ द्या. मात्र हे चित्र म्हणून दाखवा, नोंद म्हणून नव्हे.

शार्पनिंगबद्दल एक इशारा. या क्रियेत कडेची गडद बाजू आणखी गडद आणि उजळ बाजू आणखी उजळ केली जाते. नवा तपशील त्यातून तयार होत नाही. आहे तोच मोठ्यानं बोलू लागतो. अति झालं तर चौकटीभोवती पांढरी झालर दिसते आणि अर्ध्या मिलिमीटरची रेघ खोल भेगेसारखी वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं याच्याही पुढे जातात. तुटलेली फळी, पुसलेली गणेशपट्टी ती ‘भरून’ देतात. ते भरणं दिसायला बेमालूम असतं, पण तो त्या दारावरचा तपशील नसतो. अशा असंख्य चित्रांवरून बांधलेला तो अंदाज असतो.

संशोधनाच्या जगात हा प्रश्न आम्हाला रोज भेटतो. सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र छापायला देताना उजेड किती वाढवावा, डाग काढावा का? ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकानं २००२ पासून, स्वीकारलेल्या लेखांतली चित्रं फेरफारासाठी तपासायला सुरुवात केली. तिथं रुळलेले संकेत दारालाही जसेच्या तसे लागू पडतात. उजेड किंवा काँट्रास्ट बदलायचा तर तो सगळ्या चित्रात सारखा बदलावा. चित्रातली वस्तू काढू नये आणि नसलेली घालू नये. मूळ फाईल तशीच जपून ठेवावी आणि बदल तिच्या प्रतीवर करावेत. काय बदललं ते दोन ओळींत लिहून ठेवावं.

हे सगळं कशासाठी? एक उदाहरण पाहू. पॅरिसमध्ये यूजेन आत्झे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७ मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत जुन्या शहराचे हजारो फोटो काढले. त्यांत दारं होती, जिने होते, दारावर ठोठावायच्या लोखंडी कड्याही होत्या. हे फोटो ते चित्रकारांना, ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना विकत. त्यांतल्या काही वास्तू पुढे पाडल्या गेल्या. आता त्यांची नोंद म्हणून हे फोटोच उरले आहेत. आपल्याकडे काय होतं ते निराळं सांगायला नको. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले, तेव्हा फोटोग्राफी अजून लोकांपर्यंत पोचलेलीच नव्हती. त्या मजल्यांवरची दारं कशी होती ते फोटोवरून आपल्याला कधीच कळणार नाही. आज गावोगावचे वाडे उतरवले जात आहेत आणि कॅमेरा मात्र प्रत्येकाच्या खिशात आहे. चौकट जळणात किंवा जुन्या बाजारात गेल्यावर तिच्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर फक्त फोटोच देऊ शकेल. तेही मूळ फाईल उरली असेल तरच.

वर्गात करून पाहा

१. काही लोखंडी खिळे व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा. कोऱ्या, कडक चहात त्यातलं थोडं पाणी टाका. चहा काळा पडेल. तेच पाणी सागवानाच्या तुकड्यावर ब्रशनं लावून पाहा. (हे पाणी कुणी चाखणार नाही याची काळजी घ्या.)

२. खोलीत अंधार करा. जुन्या फळीवर विजेरी आधी समोरून आणि मग अगदी कडेनं धरा. दोन्ही वेळा फोटो काढा.

३. तांबड्या आणि निळ्या कागदाचे तुकडे शेजारी ठेवून आधी तांबड्या, मग निळ्या जिलेटिन कागदातून पाहा. कुठला तुकडा कधी उजळ दिसतो ते लिहा.

४. गावातल्या एका जुन्या दाराचा, घरमालकांना विचारून, फोटो काढा. मागे तारीख, वेळ, दाराची दिशा आणि केलेले बदल लिहा. दाराचे भाग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत नोंदवा : कडी, कोयंडा, अडसर, दिंडी, उंबरठा, गणेशपट्टी. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढत गेलात, तर पाच-सहा वर्षांत शाळेकडे एक छोटासा पण खरा अभ्यास जमा होईल.